नामसिद्धी जातक आणि नावाची बेरीज



आपल्या वस्त्यांमध्ये अलीकडे एक नवा पाहुणा शिरला आहे. पूर्वी पोपटवाला यायचा, कुडमुड्या जोशी यायचा, पहाटे पिंगळा यायचा. शेरभर ज्वारी किंवा एखादे जुने लुगडे घेऊन ही मंडळी पुढच्या गावाला जायची. आताचा पाहुणा दारात येत नाही. तो शहरातल्या लॉजवर दोन दिवस मुक्काम करतो, हँडबिले वाटतो आणि आपल्यालाच त्याच्या दारी बोलावतो. त्याच्याजवळ पोपट नसतो, कॅल्क्युलेटर असतो. स्वतःला तो अंकशास्त्री म्हणवतो. तुमचे नाव वाईट आहे असे तो कधी सांगत नाही. नाव चांगले आहे, पण इंग्रजी स्पेलिंगची बेरीज चुकली आहे, एवढेच सांगतो. एक 'ए' वाढवा, एक 'टी' जोडा, म्हणजे मुलगा पास होईल, मुलीचे लग्न जमेल, दुकान चालेल. आणि ते एक अक्षर वाढवण्याचे तो हजारांत मोजून घेतो.

आम्ही पेशाने कारकून. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून बी.कॉम. झालो. बेरीज-वजाबाकी हाच आमच्या पोटापाण्याचा धंदा. दिवसभर लोकांची नावे एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवायची आणि ती जुळतात की नाही ते पाहायचे. त्यामुळे कोणी नावाची बेरीज करतो म्हटले की आमचे कान टवकारतात. पण हा लेख लिहायला बसलो ते त्या कुतूहलामुळे नाही. बसलो ते एका मुलीमुळे.

पूर्णा तालुक्यातील हे कुटुंब. वडील हमाली करतात. आई हंगामात कापूस वेचायला आणि सोयाबीन काढायला जाते. मुलगी हुशार आहे, पण नववीत गणिताचे गुण घसरले. कोणीतरी सांगितले म्हणून वडील त्या लॉजवर गेले. एकवीसशे रुपये दिले आणि मुलीच्या नावात एक जादा 'ए' घेऊन घरी आले. पाहुण्याने हेही बजावले होते की नुसते वहीवर लिहून भागणार नाही, सरकारी कागदावर चढवावे लागेल. मग राजपत्रात नावाची जाहिरात दिली, तिचा खर्च वेगळा. त्या राजपत्रावर आधार कार्ड बदलून घेतले. दहावीच्या परीक्षेचा फॉर्म मात्र शाळेने आपल्या जनरल रजिस्टरवरून भरला. तिथे जुनेच नाव. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली, म्हणजे परीक्षा दिली ती जुन्याच नावाने. वडिलांना त्यातही पाहुण्याचाच हात दिसला!

खरी अडचण अकरावीला उभी राहिली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आता महाडीबीटीवर भरावी लागते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. आधारवर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरे, जातीच्या दाखल्यावर तिसरे, कारण दाखला वडिलांनी पूर्वीच काढलेला आणि त्यात टंकलेखकाने आपली कला दाखवलेली. अर्ज परत आला. दुरुस्त करून पाठवला, पुन्हा परत आला. कॉलेजची फी आईने बचत गटातून उचलून भरली.

वडील कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. "लेकराचं चांगलं व्हावं म्हनून केलं, दादा," एवढेच म्हणाले. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. ज्याने आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली, त्याने आपल्या मुलीच्या पाठीवर पोते येऊ नये म्हणून एकवीसशे रुपये टाकले. तो पैसा घेणाऱ्याला मात्र हे सगळे ठाऊक असते. म्हणूनच तो आपल्या वस्तीत हँडबिले वाटतो.

आधारवर नाव बदलण्याची मुभा माणसाला आयुष्यात दोनदाच असते, हे फार थोड्यांना माहीत आहे. या मुलीची एक संधी नशीब सुधारण्यात गेली. दुसरी ते सुधारलेले नशीब पूर्ववत करण्यात गेली. आता पुढे लग्नानंतर तिला नाव बदलायचे झाले तर वेगळी विनवणी करावी लागेल. (न बदलले तर उत्तमच, पण तो तिचा प्रश्न.)

त्या वर्षी वर्षावासात आमच्या विहारात रविवारी वाचन चालू होते. या प्रकरणाचा बोलबाला झालाच होता, तेव्हा आम्ही ठरवले की या खेपेला नामसिद्धी जातक वाचायचे. पाली जातकांच्या संग्रहात ५४७ कथा आहेत, त्यातली ही ९७वी. दुर्गाबाई भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने हा सारा संग्रह मराठीत आणला. ज्यांच्या गावच्या वाचनालयात असेल त्यांनी जरूर काढून वाचावा.

कथा अशी आहे. तक्षशिलेला एक जगप्रसिद्ध आचार्य होते. त्यांच्याजवळ पाचशे विद्यार्थी शिकत. त्यातल्या एकाचे नाव होते पापक. आता विचार करा, दिवसभर सगळे हाक मारणार, "पापका, ये", "पापका, जा", "पापका, पाणी आण". पोराला वाटू लागले की आपले नाव अशुभ आहे, या नावाने आपले काही भले होणार नाही. तो आचार्यांकडे गेला आणि म्हणाला, गुरुजी, मला दुसरे चांगले नाव द्या.

इथे त्या आचार्यांचे शहाणपण पाहण्यासारखे आहे. त्यांनी त्याला झिडकारले नाही. नावात काही नसते रे बाबा, असे व्याख्यानही दिले नाही. त्याची जन्मवेळ विचारली नाही, बोटे मोजली नाहीत, आणि दक्षिणा मागितली नाही. ते म्हणाले, जा, देशभर फिर, तुला आवडेल ते नाव शोधून आण. मी तुझे तेच नाव ठेवीन.

पापक गावोगाव हिंडत एका नगरात पोचला. समोरून एक प्रेत चालले होते. त्याने विचारले, कोण वारले? उत्तर आले, जीवक. पापक चकित झाला. जीवकही मरतो? नातेवाईक म्हणाले, जीवक नाव असलेलाही मरतो आणि नसलेलाही मरतो. नाव हे ओळखण्यापुरते असते. तू वेडाच दिसतोस.

पुढे एका घराच्या दारात एका दासीला मालक-मालकीण दोरीने मारत होते. मजुरी कमावून आणली नाही, हा तिचा गुन्हा. पापकाने तिचे नाव विचारले. तिचे नाव होते धनपाली! धनाची राखण करणारी धनपाली, आणि एका दिवसाची मजुरी हातात नाही म्हणून तिच्या अंगावर वळ. त्यानंतर नगराबाहेर त्याला एक वाट चुकलेला माणूस भेटला. त्याचे नाव पंथक, म्हणजे वाटाड्या. वाटाड्याच वाट विचारत होता.

पापक परत आला. आचार्यांनी विचारले, काय रे, नाव सापडले का? तो म्हणाला, गुरुजी, माझे नाव आहे तेच असू द्या.

ही गोष्ट भगवान बुद्धांनी जेतवनात सांगितली, ती पापक नावाच्याच एका भिक्खूच्या निमित्ताने, असे अट्ठकथा सांगते. आणि ते तक्षशिलेचे आचार्य म्हणजे पूर्वीचे बोधिसत्त्व. पूर्वजन्माचा भाग कोणी बाजूला ठेवला तरी आमची हरकत नाही. शिकवण्याची पद्धत तेवढी घ्या. ज्याला शंका आहे त्याला रस्त्यावर पाठवायचे, त्याच्याच डोळ्यांनी पाहू द्यायचे. त्या कथेतल्या मार खाणाऱ्या धनपालीकडे आमचे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. अडीच हजार वर्षांपूर्वीची कथा, पण मजुरी, मालक आणि दोरी या तीन गोष्टी तिने किती नेमक्या टिपल्या आहेत!

वाचन झाल्यावर आम्ही फळ्यावर आमची बेरीज मांडली. धंद्यातली गंमत म्हणून ती इथेही देतो. अंकशास्त्राच्या दोन पद्धती बाजारात चालतात. एक ग्रीक पंडित पायथागोरसच्या नावावर खपवली जाते. तीत इंग्रजी अक्षरांना क्रमाने १ ते ९ आकडे देतात, नऊ झाले की पुन्हा एकपासून. दुसरी प्राचीन खाल्डियाच्या नावावर चालते. तीत १ ते ८ असेच आकडे आहेत आणि तेही अक्षरांच्या क्रमाने नाहीत. ही दुसरी आपल्याकडे पसरली ती मुख्यतः कीरोच्या पुस्तकांतून. हा कीरो म्हणजे आयर्लंडचा विल्यम जॉन वॉर्नर (१८६६-१९३६). या गृहस्थाने स्वतःची नावेही बरीच बदलली, कधी कीरो, तर कधी काउंट लुई हॅमन.

आता आपण गौतम हे नाव घेऊ. जी, ए, यू, टी, ए, एम. पहिल्या पद्धतीने ७, १, ३, २, १, ४, एकूण १८, म्हणजे ९. दुसऱ्या पद्धतीने ३, १, ६, ४, १, ४, एकूण १९, म्हणजे १०, म्हणजे १. एकाच माणसाचा अंक एका दुकानात नऊ आणि शेजारच्या दुकानात एक. आमच्या कार्यालयात दोन खातेवह्यांत असा फरक निघाला तर संध्याकाळी घरी जाता येत नाही.

याहून पुढची मौज ऐका. कितीतरी जण गौतमचे स्पेलिंग 'ए'ऐवजी 'ओ' घालून करतात. तसे केले तर पहिल्या पद्धतीने ७, ६, ३, २, १, ४, म्हणजे २३, आणि शेवटी ५. आता देवदत्त घ्या. तथागतांचा जीव घ्यायला निघालेला, संघात फूट पाडणारा तोच देवदत्त. डी, ई, व्ही, डी, ए, टी, टी, ए. ४, ५, ४, ४, १, २, २, १. बेरीज २३, आणि शेवटी ५! म्हणजे या शास्त्राप्रमाणे गौतम आणि देवदत्त दोघांचे नशीब एकच. विहारातली पोरे खो-खो हसली. ज्या गौतमाच्या काळी ही इंग्रजी लिपी नव्हती, ज्यांची वाणी कित्येक शतके पाठांतराने टिकली, त्यांना या आकड्यांनी काय फरक पडणार होता? आपली आई घरातून हाक मारते ती ऐकून मारते. हाकेत 'ए' एक आहे की दोन, हे कोणालाच ऐकू येत नाही.

दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात तथागतांनी ज्या धंद्यांपासून श्रमणाने दूर राहावे त्यांची मोठी यादी आहे. अंगावरची लक्षणे पाहणे, शकुन सांगणे, स्वप्नांचे अर्थ लावणे, ग्रहणांची भाकिते करणे, सारे त्यात आले. त्याच यादीत गणना, हिशेब हेही आहेत. पण ते भिक्खूंसाठी. आम्ही उपासक आहोत, तेव्हा आमची नोकरी वाचली.

कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले, आज विज्ञान काय म्हणते? अंकशास्त्राची नाही, पण त्याच्या थोरल्या भावाची, म्हणजे फलज्योतिषाची परीक्षा आपल्या महाराष्ट्रातच झाली आहे. दिवंगत शास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिष्यांना दिल्या. कोणती कुंडली कोणाची ते ओळखा, एवढेच विचारले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ जणांची सरासरी अचूकता निघाली ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी त्याहून थोडे बरे जमले असते.

इथपर्यंत सगळे सुरळीत होते. मग मागच्या रांगेतून ती मुलगी उभी राहिली. तीच, जिचे नाव दोनदा बदलले होते. म्हणाली, "काका, नाव नुसतं ओळखण्यापुरतं असतं, तर मग नामांतरासाठी माणसं का मेली?"

विहारात शांतता पसरली. वयस्कर मंडळींनी माना खाली घातल्या. हा प्रश्न सोपा नाही आणि आम्ही तो सोपा करून उत्तर देणार नव्हतो.

नामांतराच्या ठरावाच्या वेळी आमचा जन्मही झाला नव्हता. पण आमचे बालपण त्याच गोष्टी ऐकत गेले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाडा पेटला. आपला परभणी जिल्हा, ज्यात तेव्हा हिंगोलीही होती, आणि शेजारचा नांदेड जिल्हा यांनी फार सोसले. वस्त्या जळाल्या, धान्य जळाले, लोक रातोरात रानात पळाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना हालहाल करून मारले. नांदेडला गौतम वाघमारे यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ला नाव लागले, तेही पूर्ण नामांतर नव्हे, नामविस्तार. साडेपंधरा वर्षे एका नावासाठी! आणि आम्ही मुलांना शिकवतो की नावात काही नसते?

आम्ही त्या मुलीला उत्तर दिले ते भदंत नागसेनांच्या आधाराने. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सागल नगरीत ग्रीक राजा मिलिंद आणि नागसेन यांची भेट झाली. राजाने नाव विचारले. नागसेन म्हणाले, मला नागसेन म्हणून ओळखतात, आईबाप नागसेन म्हणतात, शूरसेन म्हणतात, वीरसेन म्हणतात, पण हा सगळा व्यवहारातला शब्द आहे, त्याच्याआड कोणी कायमचा 'मी' बसलेला नाही. राजा गोंधळला. मग नागसेनांनी त्यालाच विचारले, महाराज, आपण रथातून आलात ना? मग रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? यातले एकही रथ नाही, पण सगळे मिळून आपण रथ म्हणतो. तसेच नावाचे.

लोक या संवादातून एवढेच घेतात की नाव पोकळ आहे. आम्ही त्यातून दुसरे घेतो. नाव आकाशातून पडत नाही, ग्रहावरून येत नाही, आकड्यातून निघत नाही. नाव म्हणजे माणसामाणसांतला करार. आणि तो माणसांनी केला असेल, तर तो कोणी केला, कोणाला विचारून केला, हे विचारता येते आणि तो मोडून नवा करता येतो. देवाने केलेले असते तर कोणाशी भांडलो असतो?

आमच्या आजोबांच्या पिढीतली नावे आठवा. उकंडा, कचरू, दगडू, धोंडिबा, भिका. आमच्या आजोबांचे नाव यातलेच एक. आधीची मुले जगली नाहीत म्हणून या मुलाला काळाची दृष्ट लागू नये, काळाला तो कचरा वाटावा, यासाठी असली नावे ठेवत. ती इतर जातींतही होती. फरक पुढे पडायचा. आपल्या वस्तीत जो धोंडिबा, तो वाड्यावर गेला की धोंड्या. पांढरे केस झालेल्या माणसाला पाटलाचे शेंबडे पोर अरे-तुरे करायचे. हा करार कोणत्या आकड्याने ठरवला होता?

बाबासाहेबांनी हे सगळ्यात आधी ओळखले. ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत 'मुक्ती कोन पथे' हे भाषण करताना त्यांनी नावाचा मुद्दा सविस्तर घेतला. जातीचे नाव टाकून दुसरे चांगले नाव घेतले तरी जोवर धर्म तोच आहे तोवर लोक खोदून खोदून विचारणारच, आणि नवे नावही जुन्यासारखेच डागाळणार. म्हणून धर्म बदला, म्हणजे नावही खऱ्या अर्थाने बदलेल, असा त्या विवेचनाचा आशय होता. एक अक्षर वाढवून काही होत नाही हे ते मागेच सांगून गेले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षा झाली आणि आमच्या घराघरांत सिद्धार्थ, राहुल, आनंद, सुजाता, विशाखा, संघमित्रा ही नावे आली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केलेल्या कॉलेजला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू. नावे निवडावीत तर अशी.

अर्थात नाव बदलले म्हणून जग लगेच बदलत नाही, हेही त्या मुलीपासून आम्ही लपवले नाही. याच मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फक्त अर्जावरचे नाव कुठे उच्चवर्णीय, कुठे दलित, कुठे मुस्लिम. दलित नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. तेव्हा नावाचा परिणाम होतो. जरूर होतो. पण तो नावातल्या बेरजेने होत नाही, नाव वाचणाऱ्याच्या डोक्यातल्या उतरंडीने होतो. अंकशास्त्री आपल्याला सांगतो की दोष तुझ्या स्पेलिंगमध्ये आहे. आमचा त्याच्यावर खरा राग आहे तो इथे. एकवीसशे रुपये कष्टाने परत मिळवता येतात. पण नोकरी नाकारणाऱ्याचा दोष हमालाच्या मुलीच्या नावात शोधायला शिकवणे, हे पैसे लुबाडण्याहून वाईट आहे.

मुलीने विचारले, "मग पापकाने नाव बदलायला नको होतं का?" आम्ही म्हणालो, त्याला ते नशिबासाठी बदलायचे होते. अपमान होतो म्हणून बदलायचे असते, तर आचार्यांनी कदाचित हाका मारणाऱ्या पोरांना समोर बसवले असते. जातकात तसे नाही, हे आमचे म्हणणे. भन्तेजी हसले, पण त्यांनी खोडून काढले नाही.

मग भन्तेजींनीच कालकण्णी जातक सांगितले. ते जातकांतले ८३वे. अनाथपिंडिकाचा एक बालमित्र होता, लहानपणी दोघे मातीत खेळलेले. त्याचे नाव कालकण्णी, म्हणजे अवलक्षणी, करंटा. दिवस फिरले तसा तो आश्रयाला आला आणि अनाथपिंडिकाने त्याला घरची व्यवस्था पाहायला ठेवले. इतर मित्र कुरकुरू लागले. "ऊठ कालकण्णी, बस कालकण्णी", असे दिवसभर ऐकले तर यक्षसुद्धा पळून जाईल, त्याला काढून टाक. अनाथपिंडिक म्हणाला, नाव व्यवहारापुरते असते, शहाणे त्याचे शुभाशुभ करत नाहीत. केवळ नावासाठी मी लहानपणीचा सोबती टाकणार नाही. पुढे तो बाहेरगावी गेला असता चोरांनी वाड्याला वेढा घातला. कालकण्णी जागाच होता. त्याने घरातल्यांना उठवून शंख फुंकायला लावले, ढोल बडवायला लावले, जणू मोठा समारंभच चालू आहे. घरात कोणी नाही ही बातमी खोटी निघाली असे समजून चोर हातातले धोंडे-सोटे तिथेच टाकून पळाले.

विहारातल्या एका आजीला ही गोष्ट फार आवडली. त्यांचे नाव आजोबांच्या पिढीतल्यासारखेच आहे, ओबडधोबड. त्या म्हणाल्या, "ढोल वाजविला म्हना की त्यानं!" आणि पुढचा अर्धा तास त्यांनी १९७८ साली आपल्या गल्लीत कोणी कशी रात्र जागवली ते सांगितले. ते सगळे लिहून घ्यायला हवे आहे. आम्ही काही लिहिले आहे, पुढे कधीतरी देऊ.

मुलीच्या कागदांचे काय झाले ते सांगतो, कारण पुष्कळ घरांत हीच अडचण आहे. आम्ही दहावीची गुणपत्रिका हा पाया धरला. आधार पुन्हा गुणपत्रिकेप्रमाणे करून घेतले. जातीच्या दाखल्यातली चूक सेतू केंद्रातून अर्ज करून दुरुस्त केली, त्यासाठी तहसीलला तीन खेपा झाल्या. बँकेत नाव बदलून खाते पुन्हा आधारशी जोडले. मुदत संपायच्या आत अर्ज गेला. पैसे उशिरा आले, पण आले, आणि आईने बचत गटाचे हप्ते फेडले. मुलगी आता बारावीला आहे. वाणिज्य शाखा घेतली आहे, याचा आम्हाला थोडा स्वार्थी आनंद आहे.

ज्यांची मुले अजून शाळेत आहेत त्यांनी या सुट्टीत एकदा जनरल रजिस्टरातले नाव पाहून घ्यावे. मुलगा शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते, दाखला घेऊन बाहेर पडल्यावर चपला झिजतात. आधार, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक आणि शाळेचे रजिस्टर या चारही ठिकाणी अक्षरे सारखी हवीत, वडिलांच्या नावाचीसुद्धा. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात कागद तपासायला बसतो. येताना मूळ कागद आणि प्रत्येकाची एक झेरॉक्स आणावी. लहान मुलांना सोबत आणले तरी चालेल, ती कोपऱ्यात बसून फळ्यावर आपापल्या नावाची बेरीज करत असतात.